विषण्णतेचा वारसा

गोदावरीच्या खोऱ्यांतील, मिरचीच्या पेठेसाठीं प्रसिद्ध असलेलें धर्माबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्याच निजामाचा मार्च १७९५ मध्यें खर्ड्याच्या रणांगणावर पराभव करून मराठे पुण्यास परतले. विजयाचा गुलाल ओसरतो न ओसरतो तोंच, २५ ऑक्टोबर रोजीं, एकवीस वर्षांचे पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खालीं पडले. दोन दिवसांनीं त्यांचा अंत झाला. तापाच्या भरांत तोल गेला, कीं त्यांनीं जाणूनबुजून उडी घेतली, याविषयीं इतिहासकारांत अद्याप एकमत नाहीं.

त्यांचें घराणें मात्र पाहण्याजोगें आहे. आजोबा नानासाहेब पानिपतावर पुत्र व चुलतबंधु गमावल्यावर पुन्हां सांवरलेच नाहींत. २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर त्यांनीं देह ठेविला. वडील नारायणराव १७७३ मध्यें मारेकऱ्यांच्या हातून गेले. मूल जन्मलें तें त्यानंतर, १८ एप्रिल १७७४ रोजीं, पुरंदरावर; आणि चाळिसाव्या दिवशीं त्यास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं! आई गंगाबाई १७७७ मध्यें वारल्या. मग उरले कारभारी, शिक्षक आणि पहारे. नाना फडणिसांची निष्ठा निर्विवाद. पण कारभाऱ्याची निष्ठा म्हणजे आईची कूस नव्हे. नजरकैदेंतील चुलते बाजीराव यांच्याशीं चाललेला गुप्त पत्रव्यवहार उघडकीस आला, आणि तोही विसांवा संपला.

हें दुःख रक्तांतून आलें, कीं वाड्याच्या भिंतींनीं घडविलें? गतकाळच्या माणसाची नाडी आज पाहतां येत नाहीं. जुळ्यांवरील अभ्यासांचा २००० मध्यें आढावा निघाला, त्यांत विषण्णतेच्या प्रवृत्तीचा सुमारें ३७ टक्के वांटा आनुवंशिक ठरला, उरलेला परिस्थितीचा. अमेरिकेंत मिर्ना वाइसमन यांनीं १९८२ पासून तीन पिढ्या न्याहाळल्या. विषण्ण आईबापांच्या मुलांस हा विकार होण्याचा संभव सुमारें तिप्पट दिसला. पण त्यांच्याच २००६ च्या अभ्यासांत आई उपचारानें बरी होतांच मुलांचीं लक्षणेंही तीन महिन्यांत उतरूं लागल्याचें आढळलें. म्हणजे औषध आईनें घ्यावें आणि गुण लेकरासही यावा!

मराठवाड्यांत, नापिकीनें व कर्जानें खचून बापानें जीव दिलेल्या घरीं, लहान मूल गप्प राहूं लागलें तर ‘पोर शहाणें झालें’ म्हणतात. सोयरिकीच्या वेळीं तर घरांतील जुन्या आजाराचें नांवही निघत नाहीं. अशा घरांसाठीं २०२२ पासून ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चालूं आहे. त्यावर मराठींतही बोलतां येतें.