आकाशातून दिसणारे काशी विश्वविद्यालय

काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात अनेक वर्षे वावरलेल्या माणसासही त्याचा आकार पायी फिरून उमगत नाही. एक वळणदार रस्ता संपला की दुसरा लागतो, इतकेच. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात मात्र सुमारे १३०० एकरांवर आखलेले अर्धवर्तुळ एकाच दृष्टिक्षेपात उलगडते. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी कोनशिला बसली. इमारती मात्र मालवीयजींच्या झोळीत देणग्या पडत गेल्या तशा उठल्या.

काशीतल्या मराठी घरांतून असे एखादे छायाचित्र निघाले आणि पाठीमागे साल नसले, तर दोन वास्तू शोधाव्यात. गोल वाचनकक्षाच्या ग्रंथालयाची इमारत १९४१ मधली. आवाराच्या मध्यभागी असलेल्या विश्वनाथ मंदिराची पायाभरणी १९३१ मध्ये झाली, तरी ते पुरे व्हायला १९६६ उजाडले. ग्रंथालय आहे आणि मंदिर अपुरे आहे, म्हणजे चित्र या पंचवीस वर्षांतले.

ग्रंथालयावर दृष्टी थोडी अधिक रेंगाळली, तर तो आपला पक्षपात समजावा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या देणगीतून ते उभे राहिले आणि त्यांच्याच नावाने ओळखले जाते. महाराज १९३९ मध्ये निवर्तले. पुरी झालेली इमारत त्यांच्या दृष्टीस पडलीच नाही.