हीटरच्या जीर्ण वायरीत दडलेला इतिहास

१/ थंडी पडली की माळ्यावरचा हीटर खाली येतो. प्लगजवळ वायरीचे आवरण फाटलेले असते आणि आतल्या तांब्याच्या तारा डोकावत असतात. घरातले कोणीतरी काळी चिकटपट्टी आणते, चार वेढे देते आणि दुरुस्ती झाली असे समजते. ती दुरुस्ती का नसते, याचे उत्तर इतिहासात आहे. #थ्रेड

२/ इंग्लंडमधील सॅलफर्ड येथील एका मद्यनिर्मात्याचा मुलगा जेम्स प्रेस्कॉट ज्यूल याने १८४१ मध्ये एक नियम मांडला. तारेत निर्माण होणारी उष्णता तारेच्या रोधाच्या प्रमाणात आणि विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. पुढे याच नियमावर विजेची शेगडी उभी राहिली. वायर जळते तीही याच नियमाने.

३/ तांब्याला आवरण हवे, ही गरज प्रथम जाणवली ती तारायंत्राला. मलाय प्रदेशातील झाडांचा चीक, म्हणजे गटापर्चा, तारेवर चढवण्याची पद्धत वेर्नर सीमेन्सने १८४७ मध्ये विकसित केली. १८५१ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणारी समुद्रतळाची तार याच चिकाच्या आवरणात होती. थंड समुद्रात गटापर्चा टिकला, परंतु उष्णतेने तो मऊ पडतो. घरातील शेगडीजवळ त्याचा उपयोग नव्हता.

४/ त्याची जागा रबराने घेतली. चार्ल्स गुडइयरने गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याचे पेटंट १८४४ मध्ये मिळवले. मात्र गंधक आणि तांबे यांचे जमत नाही; तांबे काळे पडते आणि रबरही खराब होते. म्हणून तारांवर कथिलाचा मुलामा देण्याची प्रथा पडली. जुन्या वायरीतील तारा चांदीसारख्या दिसतात, त्याचे कारण हेच.

५/ १९०६ मध्ये अमेरिकेतील अल्बर्ट मार्श याला निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. लालबुंद होऊनही ही तार लवकर जळून जात नसे. त्यातून घरगुती हीटर, टोस्टर आणि इस्त्री यांचे युग सुरू झाले. पण घरांतील वायरिंग मुख्यतः दिव्यांसाठी केलेले होते. हार्वी हबेलने १९०४ मध्ये पेटंट घेतलेला सुटा प्लगदेखील दिव्याच्याच होल्डरमध्ये बसत असे!

६/ फरक किती होता? २३० व्होल्टवर ६० वॉटचा दिवा सुमारे ०.२६ अँपिअर प्रवाह घेतो. २,००० वॉटचा हीटर ८.७ अँपिअर. प्रवाह तेहेतीसपट, म्हणजे त्याच तारेत उष्णता सुमारे अकराशेपट. दिव्याची वायर हीटरला जोडण्यातला धोका या एका आकड्यात आहे.

७/ यावर उपाय म्हणून हीटर आणि इस्त्रीच्या वायरीत सुती विणीखाली अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत घालण्यात येऊ लागले. आगीपासून रक्षण झाले, पण नवे संकट घरात आले. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो, हा संबंध दक्षिण आफ्रिकेतील संशोधनाने १९६० मध्ये पुढे आणला. त्यामुळे आजोबांच्या काळातील सुती वायर कापू वा सोलू नये.

८/ भारतातील तीन गोल पिनांचा प्लग हा ब्रिटिश वारसा आहे. त्याचे मानक १९३४ चे. ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचे नवे मानक आणले. भारतात गोल पिना राहिल्या. लहान पिना दिव्या-पंख्यांसाठी, मोठ्या पिना हीटरसाठी. वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची: ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते.

९/ रंगांचाही इतिहास आहे. ब्रिटनमध्ये लाल तार म्हणजे फेज; जुन्या जर्मनीत लाल तार म्हणजे अर्थ! परदेशी उपकरणाचा प्लग बदलताना हा गोंधळ प्राणघातक ठरू शकत असे. १९७० च्या सुमारास युरोपने एकच संकेत स्वीकारला: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. आज भारतातील उपकरणांच्या वायरीतही हेच रंग दिसतात.

१०/ आता त्या चिकटपट्टीकडे परत येऊ. वायर सतत वाकते ती प्लगच्या आणि हीटरच्या तोंडाशी. तिथे एकेक तार तुटत जाते आणि उरलेल्या तारांवर सगळा भार येतो. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम झाला, तरी त्या एका ठिकाणी सुमारे ३५ वॉट उष्णता निर्माण होते. घरगुती सोल्डरिंग आयर्नला २५ वॉट पुरतात! चिकटपट्टी ही उष्णता कमी करत नाही, फक्त झाकते.

११/ म्हणून योग्य दुरुस्ती अशी: प्रथम प्लग सॉकेटमधून काढावा. झीज प्लगपाशीच असेल, तर खराब भाग कापून निरोगी तारांवर प्लग नव्याने बसवावा. अर्थची तार थोडी लांब ठेवावी, म्हणजे ओढ बसल्यास ती शेवटी सुटेल. वायरीचे बाह्य आवरण प्लगमधील पट्टीखाली घट्ट दाबावे. झीज मध्येच असेल, तर जोड न देता तेवढ्याच क्षमतेची उष्णतारोधक अखंड वायर जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावी.

१२/ गटापर्चा, रबर, अ‍ॅस्बेस्टॉस, प्लास्टिक: प्रत्येक आवरण आधीच्या आवरणाच्या अपयशातून आले. हातभर वायरीत इतक्या पिढ्यांचे शहाणपण गुंडाळलेले आहे. ते फाटल्यावर चार वेढ्यांत परत येत नाही.