लोहकणांद्वारे जलशुद्धीकरण

दूषित पाण्यातील आर्सेनिक, क्रोमियम, शिसे, कॅडमियम यांसारखी विषारी मूलद्रव्ये धातुरूप लोह किंवा लोहाची ऑक्साइडे वापरून वेगळी करण्याची पद्धत. त्यासाठी खिळे, लोखंडाचा चुरा, मॅग्नेटाइट तसेच १०० नॅनोमीटरपेक्षा लहान लोहकण वापरतात.

तत्त्व : धातुरूप लोह सहज इलेक्ट्रॉन देते. त्यामुळे पाण्यात विरघळणाऱ्या, अतिविषारी षट्संयुजी क्रोमियमचे क्षपण होऊन त्रिसंयुजी क्रोमियम बनते व हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसते. आर्सेनिकाच्या बाबतीत अधिशोषण महत्त्वाचे. लोह गंजताना तयार होणाऱ्या जलयुक्त फेरिक ऑक्साइडाच्या पृष्ठभागाला आर्सेनिकाचे आर्सेनेट हे रूप घट्ट चिकटते. भूजलात आढळणारे आर्सेनाइट हे रूप विद्युतभाररहित असल्याने तितके चिकटत नाही. मात्र हवेच्या सान्निध्यात लोह गंजताना आर्सेनाइटाचेही आर्सेनेट बनते. एरवी नुकसान मानला जाणारा गंज हेच येथे शुद्धीकरणाचे साधन असते.

वापर : पवई येथील आयआयटी मुंबईत संजीव चौधरी व सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर खिळ्यांचा थर असलेली आर्सेनिक गाळणी विकसित केली. पाणी खिळ्यांवरून वाहते आणि आर्सेनिक धरलेला गंज पुढे खडीच्या थरात अडकतो. हातपंपाच्या पाण्यासाठी बनवलेल्या या गाळणीला वीज लागत नाही. पश्चिम बंगालमधील गावांत ती बसवण्यात आली. आयआयटी मद्रासमधील टी. प्रदीप यांच्या ‘अमृत’ तंत्रात कायटोसॅनमध्ये बसवलेले लोह ऑक्सिहायड्रॉक्साइडाचे अतिसूक्ष्म कण वापरतात. अमेरिकेतील एलिझाबेथ सिटी येथे १९९६ मध्ये क्रोमियमयुक्त भूजलाच्या वाटेत सुमारे ४६ मी. लांबीची लोहचुऱ्याची भिंत जमिनीखाली उभारली गेली. पाणी तिच्यातून झिरपतानाच शुद्ध होते.

मर्यादा : फॉस्फेट व सिलिकेट हे घटक पृष्ठभागावरील जागा अडवतात, त्यामुळे आर्सेनिक कमी धरले जाते. म्हणून एका ठिकाणी यशस्वी ठरलेली गाळणी दुसऱ्या ठिकाणी वापरण्याआधी तेथील पाणी तपासावे लागते. अतिसूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे बनतात व ते पाण्यातून वेगळे काढणेही अवघड असते. मॅग्नेटाइटचे कण मात्र चुंबकाने ओढून काढता येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार आर्सेनिकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिग्रॅ. आहे, त्यामुळे गाळलेल्या पाण्याची नियमित चाचणी आवश्यक ठरते. या पद्धतीत विष नष्ट होत नाही, ते पाण्यातून गाळात जाते. हा गाळ ऑक्सिजनविरहित ओल्या जमिनीत टाकल्यास फेरिक ऑक्साइड विरघळून आर्सेनिक पुन्हा मोकळे होऊ शकते. म्हणून गाळाची सुरक्षित विल्हेवाट हा या पद्धतीचाच भाग मानला जातो.