बेगड, जर आणि गळावरची चमकी

आजच्या भागाचं नाव वाचून काही जण म्हणतील, हे काय भलतंच? मासे धरायच्या खोट्या माशावर चमकी लावायचा इतिहास! पण ऐका तर खरं. ही गोष्ट फिरून फिरून आपल्या येवल्यात येते.

गळाला गांडूळ नाहीतर मळलेलं पीठ लावून बसलेली माणसं गोदाकाठी आपण सगळ्यांनीच पाहिलीत. ल्यूर म्हणजे तसलं आमिष नाही. तो लाकडाचा किंवा पत्र्याचा खोटा मासा, पोटाखाली गळ टांगलेला. पाण्यातून ओढला की घायाळ मासोळीसारखा वळवळतो, लकाकतो, आणि मरळीसारखा शिकारी मासा त्याच्यावर झडप घालतो. मी इथे नाशिकला घरीच ते बनवतो, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे. सावंतवाडीची खेळणी पूर्वी ज्या लाकडाची व्हायची ना, तेच.

लकाकतो का? तर खरा मासा लकाकतो म्हणून. माशाच्या कातडीत आणि खवल्यांवर ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अगदी पातळ स्फटिक असतात, ते आरशासारखा उजेड परतवतात. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जपमाळा बनवणाऱ्या जाकँ नावाच्या कारागिराने एका लहान माशाच्या खवल्यांमधली ही चमक काढून काचेच्या मण्यांना लावली आणि खोटे मोती बनवले. म्हणजे बघा, आधी माणसाने माशाची चमक उसनी घेऊन माणसांनाच फसवलं. माशाला फसवायचा नंबर नंतरचा.

त्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट चमच्याची. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात ज्युलिओ ब्युएल नावाचा माणूस होता. नावेत बसून जेवताना त्याच्या हातातून चमचा पाण्यात पडला आणि बुडता बुडता माशाने तो पकडला, असं सांगतात. खरं खोटं तो तलाव जाणे. पण 1852 मध्ये त्याने अशा चमच्याचं पेटंट घेतलं हे नक्की. हा चमचा लवकरच आपल्याकडेही आला. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक 1873 चं, आणि त्यात महाशीर माशासाठी चमचा वापरण्याची चर्चा आहे.

मला जास्त आवडतो तो फिनलंडचा लाउरी रापाला. गरीब कोळी. 1936 मध्ये त्याने बुचाच्या लाकडातून मासा कोरला आणि चमकीसाठी चॉकलेटची चांदी वर चिकटवली. पाणी आत शिरू नये म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. घरात पडलेल्या वस्तूंचा मासा! आज त्याच्या नावाचा ब्रँड जगभर विकला जातो.

आपल्याकडे अशा पातळ चमकत्या पत्र्याला शब्द आहे, बेगड. मखर, ताबूत, सजावट, सगळीकडे बेगड लागायची. आणि त्यावरून 'बेगडी' म्हणजे वरवरचं, खोटं. मला हा शब्द जरा अन्याय करणारा वाटतो. बेगड बिचारी सोनं असल्याचा दावा करत नव्हती. लांबून छान दिसायचं, एवढंच तिचं काम.

आता चमकी. 1934 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या हेन्री रुशमनने भंगार बारीक कातरायचं यंत्र बनवलं, आणि कारखान्यातल्या चमकीची सुरुवात तिथून धरतात. पुढे पॉलिएस्टर आलं. पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमची वाफ बसवायची, वर रंग आणि पारदर्शक थर द्यायचा, मग षटकोनी तुकडे कापायचे. षटकोनी का? मधे जागा सुटत नाही, माल वाया जात नाही.

हीच फिल्म तुकडे न करता लांब, केसासारख्या पट्ट्यांत कापली तर काय होतं? प्लास्टिकची जर!

आलो की नाही येवल्यात? नाशिकपासून साधारण 80 किलोमीटर, आपल्याच जिल्ह्यात. पैठणीची खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि वर सोन्याचा मुलामा. मग तांब्याच्या तारेची स्वस्त जर आली, मग ही प्लास्टिकची. जर येते बहुतेक सुरतहून. तेव्हा स्वस्त साडीच्या पदरातली जर आणि माझ्या ल्यूरवरची चमकी या सख्ख्या बहिणी आहेत. ओळखायची खूण सोपी: एक धागा जाळून पाहा. प्लास्टिक वितळून गोळी होते, खरी जर जळल्यावर धातू शिल्लक राहतो.

चमकी लावायची रीत सांगतो. लाकूड घासून अस्तराचा रंग द्या. पाठ गडद ठेवा, कारण वरून पाहिलं तर खरा मासा गडदच असतो. बाजूंवर पारदर्शक लॅकरचा हात फिरवा आणि ते चिकट असतानाच चिमटीने चमकी सोडा, ओतू नका. खवले हवे असतील तर मच्छरदाणीचा तुकडा ताणून वरून रंग फवारा. शेवटी इपॉक्सीचे दोन थर, आणि ते घट्ट होईपर्यंत ल्यूर सतत फिरवत राहायचा, नाहीतर सगळं पोटाशी ओघळतं. पाणी नितळ असेल तर चांदी, पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात पिवळी किंवा तांबूस चमक. लाखेचा थर द्यावासा वाटेल, पण लाख पाण्यात पांढुरते.

अडचण पुढे आहे. ल्यूर दगडात अडकतो, दोरी तुटते, लाकूड कुजतं. चमकी कुजत नाही. जाकँचे खवले, रापालाचं बूच, यातलं बरंचसं मातीत मिसळलं असतं. हे मिसळत नाही, फक्त बारीक होत जातं. युरोपियन युनियनने ऑक्टोबर 2023 पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. माझ्या ल्यूरवर चिमूटभर असते आणि उत्सवाच्या सजावटीतून वाहून जाते ती कितीतरी जास्त, हे मान्य. पण सिंहस्थात लाखो लोक ज्या गोदेत डुबकी मारतात, तिच्यात माझी चिमूट मी का टाकू?

अभ्रक वापरा, असं कुणी सुचवेल. चमकतो छान, आणि आहेही खनिज. पण झारखंडच्या अभ्रक खाणींमध्ये लहान मुलं राबतात हे अनेकदा उघड झालंय, त्यामुळे कुठून आला ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

मी सध्या रापालाच्या वाटेने चाललोय. चॉकलेटची चांदी चमच्याच्या पाठीने घासून सपाट करायची, आणि शेपटीकडे खऱ्या जरीचे चार वेढे. मरळीची अजून तक्रार नाही. आणि हो, धरणातल्या मासेमारीचा ठेका बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, गळ टाकण्याआधी त्यांना विचारा. घरात आजीची विरलेली पैठणी असेल आणि ती मोडीत द्यायचं चाललं असेल, तर आधी आजीला विचारून जरीच्या चार तारा बाजूला काढून ठेवा. ल्यूर बनवलात तर फोटो पाठवा.