शॅडो पेज टेबलचं कुळ

मेमरीत काय कुठे आहे याची नोंद ठेवणारं पेज टेबल स्वतःही मेमरी खातं. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाला (१९६२) ही अडचण आली नव्हती. टॉम किलबर्न यांच्या चमूने त्याच्या मुख्य मेमरीची ५१२ शब्दांची ३२ पानं पाडली आणि दर पानामागे एक रजिस्टर बसवलं. मेमरी वाढली तशी इतकी रजिस्टरं परवडेनात, आणि टेबल मेमरीतच येऊन बसलं. इंटेलच्या ८०३८६ वर (१९८५) चार जीबी पत्त्यांच्या जागेचं टेबल सलग मांडलं असतं, तर एकेका प्रोसेसमागे चार एमबी गेले असते. म्हणून ते दोन पातळ्यांत विभागलं. वापरात असलेल्या भागापुरतीच पानं द्यायची.

शॅडो पेज टेबलचा वापर झाला तो आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज केंद्रात, सीपी-६७ या प्रणालीत. एकाच यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशिन चालवायची होती. गेस्टला, म्हणजे अशा मशिनमध्ये चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला, आपल्या टेबलातले पत्ते खरे वाटतात, पण ते त्याला दाखवलेल्या आभासी मेमरीतले असतात. सीपीने गेस्टचं टेबल आणि स्वतःचं टेबल जुळवून तिसरंच, म्हणजे शॅडो टेबल, बांधलं आणि हार्डवेअरला तेच वाचायला दिलं. कल्पना अप्रतिम, पण महाग. गेस्टच्या टेबलांना होस्टच्या, म्हणजे खऱ्या यंत्राच्या, मेमरीत जोडीदार द्यायचे, आणि गेस्टने काही बदललं की तेही बदलायचे. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये हाच मार्ग धरला. झेन या व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या प्रणालीने (२००३) मात्र गेस्टचंच टेबल वापरलं. त्यात थेट लिहायची मुभा काढून घेतली आणि प्रत्येक बदल तपासूनच लिहू दिला.

लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशिन चालवणारं केव्हीएम २००७ मध्ये आलं. त्यातली एक छोटी तजवीज मला फार मोलाची वाटते. पेज फॉल्ट आला, म्हणजे हवी ती नोंद टेबलात सापडली नाही, की शॅडो टेबलसाठी नवं पान लागू शकतं. ते टेबलावरचं लॉक धरून मागितलं आणि कर्नलजवळ लगेच नसलं, तर वाट पाहावी लागेल. पण हे लॉक हातात असताना झोपायची परवानगी नाही. म्हणून लॉक घेण्याआधीच पुरेशी पानं काढून ठेवतात. शॅडो पानांच्या संख्येवर मर्यादाही असते. ती गाठली की जुनी पानं बेधडक मोडतात, कारण मूळ नोंद गेस्टकडे शाबूत असते आणि लागेल तेव्हा शॅडो पुन्हा बांधता येतं.

एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये गेस्टचं आणि होस्टचं अशी दोन्ही टेबलं प्रोसेसरलाच वाचायला दिली. शॅडोची गरज बरीचशी सरली, पण चार-चार पातळ्यांची दोन टेबलं चाळताना एका पत्त्यासाठी २४ वेळापर्यंत मेमरी वाचावी लागू शकते. व्हर्च्युअल मशिनच्या आत आणखी एक व्हर्च्युअल मशिन चालवलं, तर भाषांतराचे टप्पे तीन होतात आणि प्रोसेसरला दोनच कळतात. तिथे केव्हीएम आजही शॅडो टेबल बांधतं.