प्राउलर : रूप बत्तीसचं, इंजिन सहा सिलिंडरचं

इंदूरच्या माणसाला दोन आसनी उघड्या मोटारीची ओळख करून द्यावी लागत नाही. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी १९३० च्या दशकात बनलेली ड्यूसेनबर्ग एसजे आपल्या मंडळातल्या बहुतेकांनी निदान फोटोत तरी पाहिलेली आहे. चासी अमेरिकेतल्या इंडियानाची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. तिचं ते लांबलचक बॉनेट नुसतं दिखाऊ नव्हतं. खाली एका ओळीत आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटरचं सुपरचार्ज्ड इंजिन, आणि कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तीचा. रूपानं दिलेला शब्द यंत्रानं पाळला होता.

या टिपणाचा विषय मात्र साठ वर्षांनंतरची एक अमेरिकन गाडी आहे. तिच्यावर शौकिनांनी नेमका उलटा आरोप केला, की रूप एक सांगतं आणि यंत्र दुसरंच. ती गाडी म्हणजे प्लिमथ प्राउलर. तिच्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. मला त्या वादात रस आहे तो इतिहासाच्या दृष्टीने. एखाद्या वस्तूचा दोष ठरवताना आपण ती कशासाठी बनली हे आधी विचारतो का, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

हॉट रॉड म्हणजे काय

प्राउलर समजायची तर आधी हॉट रॉड समजली पाहिजे. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत व्ही-८ इंजिन बाजारात आणलं. ते होतं ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं. या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या हातात घेतल्या. मडगार्ड काढून टाकले, गाडी जमिनीलगत खाली आणली, पुढे लहान चाकं आणि मागे मोठी बसवली, इंजिन घरच्या घरी फुंकून जास्त ताकदीचं केलं. मग कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात शर्यती लावल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर हा नाद देशभर पसरला. १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं.

म्हणजे हॉट रॉड ही कुठल्या कंपनीची गाडी नव्हे. कंपनीची गाडी आपल्या हाताने मोडून पुन्हा उभी करण्याची ती रीत आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गाडी आली कशी

क्रायस्लरचे डिझाइन प्रमुख टॉम गेल यांना स्वतःला हॉट रॉडचा शौक होता. जानेवारी १९९३ च्या डेट्रॉइट प्रदर्शनात त्यांच्या विभागाने प्राउलरचा नमुना मांडला. जांभळा रंग, होडीच्या टोकासारखं निमुळतं होत गेलेलं नाक, आणि बॉडीच्या बाहेर उघडी पडलेली पुढची चाकं. असे नमुने बहुधा प्रदर्शनापुरतेच असतात. हा मात्र १९९७ मध्ये रस्त्यावर आला, आणि तोही फारसा न बदलता. पुढची चाकं १७ इंची, मागची २० इंची. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा जुन्या हॉट रॉडसारखा थेट स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला. पुढच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगा आत लपवल्या, म्हणजे बाहेर फक्त सडपातळ दांडे दिसावेत. रेसगाड्यांत असते तशी ही मांडणी.

किंमत ३८ हजार डॉलरच्या वर. पहिल्या वर्षी रंग एकच, जांभळा, आणि गाड्या निघाल्या अवघ्या ४५७.

आक्षेप

दिसण्यावर मतं दोनच, मधलं काही नाही. एक गट म्हणतो, गेल्या पन्नास वर्षांत कुठल्या मोठ्या कारखान्याने इतकं धाडस केलं नाही. दुसऱ्याला ती जत्रेतल्या पाळण्यातली गाडी वाटते. पुढच्या दोन करड्या बंपरांवर मात्र दोन्ही गट एकमताने नाराज आहेत. धडकेच्या सरकारी नियमामुळे ते लावावे लागले, आणि सुंदर चेहऱ्यावर मलमपट्टी चिकटवल्यासारखे दिसतात. कित्येक मालकांनी ते काढूनच टाकले.

डिकीबद्दल काय सांगावं! कापडी टप दुमडून तिथेच जातो, आणि उरलेल्या जागेत जेमतेम एखादी पिशवी मावते. यावर कंपनीचा उपाय असा, की गाडीला शोभेल असा छोटा ट्रेलर वेगळे पैसे देऊन घ्या! स्टेपनी नाही. तिच्याऐवजी हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर.

पण मुख्य तक्रार इंजिनाची. हॉट रॉड म्हणजे व्ही-८ आणि हाताने टाकायचे गिअर. प्राउलरला मिळालं क्रायस्लरच्या घरगुती सेडान गाड्यांतलं ३.५ लिटरचं व्ही-६, २१४ अश्वशक्तीचं, आणि सोबत चार गिअरचं ऑटोमॅटिक. हाताने टाकायचा गिअरबॉक्स शेवटपर्यंत मिळालाच नाही.

इंजिनिअरची बाजू

आता आकडे बघू. १९९९ मध्ये हेच इंजिन पूर्ण अॅल्युमिनियमचं होऊन २५३ अश्वशक्तीचं झालं. त्या काळात क्रायस्लरचं स्वतःचं ५.२ लिटरचं ओतीव लोखंडाचं व्ही-८ जीपमध्ये साधारण २२० अश्वशक्ती देत होतं. म्हणजे हट्टाने व्ही-८ घातलं असतं तर गाडी नाकाला जड आणि ताकदीला कमी झाली असती. शिवाय त्या सेडान गाड्यांत इंजिन आडवं नसून उभं बसत असे, त्यामुळे त्यांचा गिअरबॉक्स उचलून प्राउलरच्या मागच्या चाकांपाशी नेता आला. पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स, आणि वजनाची वाटणी जवळजवळ निम्मी-निम्मी. गंमत बघा, हे ३.५ लिटरचं 'लहान' इंजिन आकाराने १९३२ च्या फोर्डच्या व्ही-८ एवढंच आहे, आणि ताकद जवळजवळ चौपट.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्राउलर ही अॅल्युमिनियम शिकण्याची कार्यशाळा होती. चासी अॅल्युमिनियमची, दरवाजे आणि बॉनेट अॅल्युमिनियमचे, एकूण वजन तेराशे किलोच्या आत. वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना यातली अडचण लगेच कळेल. हा धातू पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचा, पण ताठपणाही एक तृतीयांशच, म्हणून प्रत्येक भागाचा आकार नव्याने ठरवावा लागतो. वर ऑक्साइडचा थर, आणि उष्णता झटकन पसरते, त्यामुळे पोलादासारखं स्पॉट वेल्डिंग सहज जमत नाही. कुठे वेगळ्या पद्धतीचं वेल्डिंग, कुठे रिव्हेट, कुठे चिकटद्रव्य, असं करत जावं लागतं. ऑडीने १९९४ मध्ये आपल्या महागड्या ए-८ वर हे धडे गिरवले होते. क्रायस्लरने ते डेट्रॉइटच्या कॉनर अॅव्हेन्यू कारखान्यात, जिथे गाड्या थोड्या संख्येने आणि सावकाश बनत, तिथे गिरवले. नवं इंजिन, नवा गिअरबॉक्स यांवर पैसा ओतायचा म्हटलं असतं तर हा प्रयोग कागदावरच राहिला असता. ज्याला शौकीन दोष म्हणतात, ती गाडी अस्तित्वात येण्याची किंमत होती.

मग शौकीन चुकले का?

मला विचाराल तर नाही. कंपनीने प्राउलर धातुशास्त्राचा प्रयोग म्हणून विकली नाही. विकली ती १९३२ ची आठवण म्हणून. आठवण विकायची म्हटल्यावर गिऱ्हाईक तिच्यातला आवाज आणि गिअरचा दांडाही मागणारच. फक्त तक्रार सिलिंडरच्या संख्येवर थांबते तिथे ती अपुरी पडते. हॉट रॉडचा प्राण व्ही-८ मध्ये नव्हता, तो पोरांच्या काळ्या झालेल्या हातांत होता. कारखान्यातून तयार होऊन आलेली हॉट रॉड ही कल्पनाच मुळात अवघड. आठ सिलिंडर घालूनही ती अडचण सुटली नसती.

१९९८ मध्ये क्रायस्लर आणि डाइम्लर-बेंझ एक झाले. १९२८ पासून चालत आलेलं प्लिमथ हे नाव २००१ मध्ये बंद झालं. प्राउलरची शेवटची खेप क्रायस्लर या नावाने निघाली आणि २००२ च्या आरंभी उत्पादन थांबलं. एकूण गाड्या ११,७०२. त्यांपैकी कित्येकींचे मालक आजही बंपर काढतात, सायलेन्सर बदलतात, काहींनी तर इंजिन उतरवून व्ही-८ बसवलं. कंपनीला जे करता येत नव्हतं ते काम त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये चालू ठेवलं आहे.