पद्मिनी 'पहिली' होती का? एका गाडीची ज्ञानकोशातली नोंद

बारामतीहून इंदापूरला निघालात की भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे मागे टाकल्यावर जंक्शन लागतं. तिथून आत वळलं की वालचंदनगर. कळंबच्या शिवारात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाची शेती आणि साखर कारखाना उभा करणाऱ्या वालचंद हिराचंद यांचं नाव या गावाला आहे. या पट्ट्यात कुणालाही विचारा, "वालचंदशेठ म्हणजे?" उत्तर ठरलेलं: पहिलं जहाज, पहिलं विमान, पहिली मोटार. तीन 'पहिले' एका दमात.

आजच्या भागात त्यातली फक्त मोटार घेऊ. प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुम्ही ती सिनेमात तरी पाहिलीच असेल. पण आज गाडीचं कौतुक करायचं नाहीये. या गाडीवर ज्ञानकोशात नोंद लिहायची झाली, तर त्यातलं कोणतं वाक्य टिकेल आणि कोणतं उडेल, ते बघायचंय.

तुम्ही म्हणाल, कशाला एवढी चिरफाड? कारण आपण फोनवर गाडीचं नाव टाकतो, आणि वर जी चार वाक्यं येतात तीच खरी धरतो. तीच मग शाळेच्या प्रकल्पात उतरतात, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये जातात, स्टेटसला लागतात. वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे चूक सापडली तर विचारायला माणूस तरी आहे. २००३ सालच्या महाराष्ट्र दिनी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचं तसं नाही. तिथे कुणीही लिहितं, कुणीही खोडतं, आणि वाक्य टिकतं ते त्याच्यामागच्या संदर्भावर. 'संदर्भ हवा' हे दोन शब्द तिथले पोलीस.

आता पहिलं वाक्य घ्या. "पद्मिनी ही भारतात तयार झालेली पहिली कार." छाती फुगते, पण वाक्य टिकत नाही. जनरल मोटर्सने १९२८ सालीच मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली होती. सुटे भाग परदेशातून यायचे, गाडी इथे जोडली जायची. बरं, ती कंपनी परकी, म्हणून सोडून देऊ. भारतीय कंपनी म्हटलं तरी बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्ये गुजरातेत ओख्याला स्थापन झाली, मग बंगालात उत्तरपाड्याला गेली. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स मुंबईत कुर्ल्याला आली ती १९४४ मध्ये. म्हणजे कंपनीच्या स्थापनेचं साल धरलं तर बिर्ला पुढे.

मग वालचंदांचा दावा खोटा? तसंही नाही, आणि इथेच गंमत आहे. देशात मोटारीचा कारखाना हवा, ही मागणी अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात लावून धरत होते. वालचंद त्यांच्या बरोबरीने उतरले. अमेरिकेला जाऊन त्यांनी मोटार कंपन्यांशी बोलणी केली आणि क्रायस्लरशी करार केला. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटार कारखाना काढण्यात रस नव्हता. त्यामुळे जी गोष्ट १९४० च्या आसपास व्हायची ती लांबली, आणि कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडायला १९४७ उजाडलं. त्याही पद्मिनी नव्हत्या. क्रायस्लरच्या डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो, शिवाय ट्रक.

हे सगळं 'पहिली' या तीन अक्षरांत बसत नाही. पहिली जुळणी, पहिली भारतीय कंपनी, पहिला प्रयत्न, पहिली बाहेर पडलेली गाडी; चारही प्रश्नांची उत्तरं वेगळी. त्यामुळे नोंदीत लिहायचं ते असं: "प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही भारतातील सुरुवातीच्या मोटार उत्पादक कंपन्यांपैकी एक." वाचायला अळणी आहे, मान्य. पण उत्तरपाड्याच्या माणसालाही ते खोडता येणार नाही. माझ्या मते तर विश्वेश्वरय्या, क्रायस्लर आणि युद्धात अडकलेला परवाना ही हकीकत 'पहिली' या विशेषणापेक्षा वालचंदांचा मोठेपणा जास्त सांगते. विशेषण काढलं की घटनेला जागा मिळते.

आता दुसरं वाक्य. "लालबहादूर शास्त्रींनी कर्ज काढून प्रीमियर पद्मिनी घेतली होती." गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. पंतप्रधान असताना शास्त्रीजींनी गाडी घेतली. किंमत सुमारे १२,००० रुपये, घरात ७,०००, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० चं कर्ज. जानेवारी १९६६ मध्ये ते गेले आणि उरलेलं कर्ज ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आजही दिल्लीच्या त्यांच्या स्मारकात उभी आहे.

फक्त ती पद्मिनी नाही. १९६४ ची ती फियाट ११००. तेव्हा 'पद्मिनी' हे नाव जन्मालाच आलं नव्हतं.

ही भानगड थोडी सोडवून सांगतो. प्रीमियरने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी हात मिळवला. आधी छोटी फियाट ५०० आली, १९५४ पासून ११००. इटलीत या ११०० ची रचना दान्ते जियाकोसा यांच्या हातची. तिचीच सुधारलेली आवृत्ती, ११०० डी, आपल्याकडे १९६४ मध्ये 'डिलाइट' म्हणून आली. इंजिन १०८९ सीसी आणि गिअरचा दांडा स्टीअरिंगला. पुढे १९७० च्या दशकात फियाटचं नाव गाडीवरून गेलं. थोडे दिवस ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. पत्रा तोच, इंजिन तेच, नाव तिसरं. लोकांनी मात्र कागदावरचं नाव फारसं मनावर घेतलं नाही. ते शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. आजही जुना मेकॅनिक पद्मिनीला फियाटच म्हणेल.

मग शास्त्रीजींच्या गाडीला पद्मिनी म्हटलं तर बिघडलं काय? बिघडतं असं की दहा वर्षांनी आलेलं नाव आपण मागे नेऊन चिकटवतो. उद्या कुणी जुन्या वर्तमानपत्रात १९६५ सालची 'पद्मिनी' शोधेल, त्याला ती सापडणार नाही, आणि मग तो शास्त्रीजींची गोष्टच खोटी ठरवेल. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी उलटी गंगा आपण रोज बघतो.

आता आपल्या मातीतली अडचण. "वालचंद हिराचंद यांनी पद्मिनी बनवली." हे वाक्य इंदापूर तालुक्यात कुणी खोडलं तर चहाच्या टपरीवर वाद होईल. पण तारखा लावून बघा. वालचंदांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. निधन ८ एप्रिल १९५३. फियाट ११०० कुर्ल्यात आली १९५४ मध्ये, डिलाइट १९६४ मध्ये, आणि पद्मिनी हे नाव त्यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांनी. त्यांनी कारखाना उभा केला. ही गाडी त्यांनी पाहिलीच नाही. ती चालवली त्यांचे भाऊ लालचंद हिराचंद आणि मग विनोद दोशी यांच्या काळातल्या प्रीमियरने. (नाटकवाल्या मित्रांनो, पुण्याच्या नाट्यमहोत्सवाला ज्यांचं नाव आहे ते हेच विनोद दोशी.)

आणि गाडी वालचंदनगरला तयार झालेली नाही. ती कुर्ल्याची. वालचंदनगरच्या कारखान्याचं काम वेगळंच आणि तेही दांडगं: साखर कारखान्यांची यंत्रं, सिमेंटची यंत्रं, मोठे गिअर, आणि पुढे इस्रोच्या अग्निबाणांसाठी लागणारे मोटर केसिंग. हे सगळं वालचंदनगरच्या नोंदीत यायलाच हवं. खंडानं घेतलेल्या जमिनी, १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा, मग शेती महामंडळ आणि जमीन परत मिळवण्यासाठी खंडकरी शेतकऱ्यांनी दिलेली लढत, हेही तिथेच यायला हवं, कारण त्याशिवाय त्या गावाचा इतिहास अर्धाच राहील. पण पद्मिनीच्या नोंदीत वालचंदनगरला एक वाक्य पुरे. आपलं गाव आहे म्हणून तीन परिच्छेद घुसवले तर गाडीवरचा लेख गावाचा गौरव अंक होईल. तटस्थपणाचा हा भाग लोकांना पटकन दिसत नाही. खरी गोष्टसुद्धा चुकीच्या जागी, चुकीच्या वजनाने ठेवली की लेख तिरका होतो.

बारामतीकरांनो, हसू नका, तुमच्याकडेही हाच प्रश्न आहे. एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आपे रिक्षा बनतात आणि २०१२ पासून व्हेस्पाही. मग व्हेस्पा इटलीची की बारामतीची? रचना इटलीची, कारखाना बारामतीचा, दोन्ही लिहा आणि पुढे चला. पद्मिनीलाही हेच लागू. 'अस्सल स्वदेशी' म्हणायचं नाही आणि 'इटलीची नक्कल' असंही हिणवायचं नाही.

नावाबद्दल एक छोटी गोष्ट. चितोडच्या राणी पद्मिनीवरून गाडीचं नाव ठेवलं, असं सर्रास लिहिलं जातं. पद्मिनी हा कमळाचाही शब्द आहे आणि घरोघरी असणारं बाईचं नावही. राणीची कथा आपल्यापर्यंत येते ती मुख्यतः जायसीच्या सोळाव्या शतकातल्या 'पद्मावत' काव्यातून, आणि ती ऐतिहासिक व्यक्ती होती का यावर इतिहासकारांत वाद आहे. तेव्हा गाडीच्या लेखात "चौदाव्या शतकातील राणी" असं ठासून लिहिलं की एका वाक्यात दोन दावे होतात. कंपनीच्या काळातला कागद मिळाला तर लिहा, नाहीतर गाळा. गाडी त्याने थांबत नाही.

सगळ्यात जास्त तिरकेपणा येतो तो 'वाट पाहण्या'बद्दल. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, हे खरं. आता यावर दोन प्रकारचे लेख सापडतात. एकात सगळा दोष सरकारचा: परवाना राज, परकीय चलनाची बंधनं, १९६९ मध्ये तर गाड्यांच्या किमतीही सरकारने बांधून दिल्या, आणि कंपन्या त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दुसऱ्यात सगळा दोष कंपनीचा: १९६४ चा सांगाडा शतक संपेपर्यंत विकला, कारण गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला वाट नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ती वाट उघडली.

तटस्थ म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं वाटायचं असं नाही. उत्पादनाची मर्यादा, किंमत, आयात हे सरकारच्या हातात होतं, तेव्हा तिथे सरकारचं नाव घ्या. १९८० च्या दशकात दारं किलकिली झाल्यावर प्रीमियरने काय केलं, तर ११८ एनई आणली, म्हणजे फियाट १२४ चं अंग आणि निस्सानचं इंजिन, तेव्हा तिथे कंपनीचं नाव घ्या. कोण नालायक ते वाचणारा ठरवेल.

आणि एक बाजू बहुतेक लेखांतून गायबच असते, ती म्हणजे गाडी जोडणारी माणसं. कुर्ल्याचा कारखाना मुंबईच्या कामगार चळवळीतलं मोठं नाव. प्रोत्साहन वेतनाच्या वादातून उभा राहिलेला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९७५ मध्ये निकाली निघाला. मालक-कामगार वाद दिवाणी कोर्टात कधी नेता येतो आणि कधी नाही, हे शिकताना कायद्याचे विद्यार्थी आजही तो वाचतात. पुढे डॉ. दत्ता सामंत यांच्या युनियनचं नावही या कारखान्याशी जोडलं गेलं. गाडीच्या लेखात बंपर कधी बदलला, आरसे कुठे लावले, यावर पानभर मजकूर सापडतो आणि कामगारांवर ओळ नाही, हे मला खटकतं. ही ओळ घातली की लेख कुणाच्या बाजूने झुकत नाही, उलट झुकलेला सरळ होतो.

शेवटची तारीखही सोपी नाही. उत्पादन कधी थांबलं? कुठे २०००, कुठे २००१. दोन्ही विश्वसनीय ठिकाणी आढळत असतील तर दोन्ही लिहायची, आपल्याला आवडेल ती निवडायची नाही. आणि टॅक्सीची तारीख वेगळी. काळी-पिवळी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे संपली. त्या दिवशी अनेकांनी "शेवटची पद्मिनी रस्त्यावरून गेली" असं लिहिलं. गेली ती टॅक्सी. खाजगी नंबरच्या पद्मिनी आजही धावतात, हौसेने राखलेल्या.

तर मंडळी, एवढं सगळं चाळल्यावर नोंदीची सुरुवात उरते ती अशी:

"प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने तयार केलेली चार दारांची मोटारगाडी. इटलीच्या फियाट ११०० डी या गाडीवर आधारित ही गाडी १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने बाजारात आली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली गेली."

दोनच वाक्यं, विशेषण एकही नाही.

यापुढचं काम ऐकणाऱ्यांपैकी कुणीही करू शकतं. घरात किंवा शेजारी पद्मिनी असेल तर तिचं आरसी बुक बघा, नोंदणीचं साल आणि कंपनीचं नाव त्यात असतं. फक्त ते एका गाडीपुरतं, त्यावरून सगळ्या गाड्यांबद्दल वाक्य लिहू नका. खरा माल वाचनालयांत आहे. १९७४ च्या आसपासच्या मराठी दैनिकांच्या आणि मासिकांच्या फाइली काढा आणि गाडीची जाहिरात शोधा. 'प्रेसिडेंट' कोणत्या महिन्यात दिसेनाशी झाली आणि 'पद्मिनी' कोणत्या महिन्यात छापून आली, हे ज्याला सापडेल त्याने अंकाची तारीख आणि पान क्रमांक लिहून ठेवा.